गोल कॉर्नरची साइट

बुद्धरत्नच्या तोंडून एवढंच वाक्य गेलं होतं : "सध्या हातात काम न्हाई काका, म्हनून घरी बसून चार साइटा करून ठेवायलो." वाक्यात खोटं काही नव्हतं. व्याकरणातही फार मोठा दोष नव्हता. पण ते वाक्य माळेवाडीत उच्चारलं गेलं, माळेवाडी औराद तालुक्यात आहे, आणि औराद तालुका कर्नाटकात आहे. घोटाळा झाला तो एवढाच.

हद्दीपलीकडे, उदगीरच्या बाजूला, घर बांधायच्या जागेला प्लॉट म्हणतात. आमच्या बाजूला तिला साइट म्हणतात. तिकडे शेत मोडून प्लॉटिंग पाडतात, इकडे लेआउट करतात. भाषा मराठीच, माती तीच काळी, तिच्यातली तूरही तीच. पण मधे राज्याची वेस आली की शब्द कूस बदलतो. वेबसाइट म्हणजे काय हे माळेवाडीत कुणाला ठाऊक नाही असं मुळीच नाही, फोन सगळ्यांच्याच हातात आहेत. मात्र 'साइट' असा सुटा शब्द कानावर पडला की इथल्या माणसाच्या डोळ्यांपुढे तीस बाय चाळीसचा, चार कोपऱ्यांना दगड रोवलेला चौकोनच उभा राहतो. त्याला तो तरी काय करणार?

बुद्धरत्न वेबसाइटी बनवायचा. हैदराबादच्या एका टाइल्सवाल्याचं काम नुकतंच उरकलं होतं आणि पुढचं काम 'देतो, देतो' म्हणत फोनवर लोंबकळत होतं. अशा मधल्या दिवसांत हात चालता ठेवावा, नाहीतर विळ्यासारखा गंज चढतो, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. म्हणून त्यानं स्वतःच स्वतःला गिऱ्हाइकं काढून दिली होती. एक दवाखाना, एक हॉटेल, एक लग्नाचा हॉल. तिन्ही जगात कुठंही नसलेली. चौथं गिऱ्हाईक काही केल्या सुचेना, म्हणून ती साइट कोरीच ठेवली होती. नसलेल्या गिऱ्हाइकाचा एक मोठा गुण असा की ते रंग बदलायला सांगत नाही.

तर अंकुशराव सकाळी शेताकडे निघाले होते. अंकुशराव म्हणजे शेजारचे बागायतदार. त्यांची जमीन बरी, स्वभाव त्याहून बरा, फक्त कान जरा गरजेपेक्षा तीक्ष्ण. ते थबकले.

"चार? एकदम चार साइटा?"

"प्रॅक्टिसला म्हनून हो."

प्रॅक्टिस म्हणून चार साइटा करणारा माणूस अंकुशरावांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी खांद्यावरचा टावेल सारखा केला. "लेआउट झालाय का पर?"

"लेआउट झालाय की! कॉर्नर तेवढे गोल करायचे राहिलेत."

"गोल? अरे पोरा, कॉर्नरच्या साइटेलाच तर खरा भाव असतोय. गोल केल्यावर जागा वाया जात न्हाई का?"

बुद्धरत्न गहिवरला. आजवर माळेवाडीत कुणी त्याच्याशी कॉर्नरबद्दल बोललं नव्हतं. "जागा जाती थोडी, पर दिसतंय भारी. आता सगळीकडं गोलच चालतंय काका."

"अन् कशाच्या साइटा म्हनायच्या ह्या?"

"एक दवाखान्याची, एक हॉटेलची, एक लग्नाच्या हॉलची. चौथी रिकामी हाय अजून."

"रजिस्ट्रेशन?"

"माझ्याच नावावर. ऑनलाइन केलं."

अंकुशरावांनी त्याच्याकडे नीट, आपादमस्तक पाहून घेतलं. बनियन, हाफ पँट, दाढी वाढलेली. खऱ्या पैसेवाल्याला कपड्यांची फिकीर नसते हे त्यांना माहीत होतं. ते मान डोलावत गेले, आणि आपल्या गावात डिझाइनची जाण असलेला एक तरी माणूस आहे या आनंदात बुद्धरत्ननं दुसरा चहा मागितला.

दुपारपर्यंत ही बातमी फाट्यावरच्या हॉटेलात पोचली आणि तिथं तिची पैदास झाली. रस्ता होणार म्हणून दवाखाना येतोय, दवाखाना येतोय म्हणून मेडिकल कॉलेज येतंय, असं काहीबाही. संध्याकाळी बुद्धरत्नचे वडील गुंडेराव नेहमीप्रमाणे तिथं गेले.

गुंडेराव बसचे कंडक्टर होते. रिटायर झाले तरी शिटीचा सूर आवाजात राहिला होता. त्यांची एक दुखरी जागा होती. "पोरगं काय करतंय?" असं कुणी विचारलं की त्यांना एकदम आभाळाकडं पाहावंसं वाटायचं. पाऊस येतो की काय, असं काहीतरी पुटपुटत ते विषय बदलायचे. पोरगं दिवसभर घरात बसून एका डबड्यात डोकं घालतं आणि मधेच हसतं, हे चारचौघांत कसं सांगावं? माणूस मनानं भला होता, पोरावर जीव होता, पण त्या प्रश्नाला त्यांच्याकडं उत्तर नव्हतं. कंडक्टरला उत्तर नसणं हे फार वाईट.

आज हॉटेलात शिरताच अंकुशराव उठून उभे राहिले आणि त्यांनी आपली खुर्ची गुंडेरावांना दिली.

"छुपे रुस्तम हाव बघा तुमी! चार साइटा घेतल्या पोरानं, अन् आमाला वासबी न्हाई?"

गुंडेराव खुर्चीत बसले. त्यांना यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. पण उभ्या नोकरीत त्यांनी कुठल्याही प्रवाशाला 'मला ठाऊक नाही' असं उत्तर दिलं नव्हतं. गाडी भालकीला जाते का असं विचारलं तर ती जात नसली तरी ते 'बसा, बघू' म्हणत. ते म्हणाले, "हाय, चालू हाय त्याचं."

"किती बाय कितीच्या?"

"तीस बाय चाळीस."

"तोंड कुणीकडं?"

"पूर्वेला. दुसरीकडं कशाला करील?"

"कॉर्नर गोल करायलाय म्हनं?"

गुंडेराव चहाचा घोट घेत म्हणाले, "आता गोलच चालतंय."

त्या दिवशी त्यांनी एकदाही आभाळाकडं पाहिलं नाही. घरी येताना चाल अशी होती की जणू मागून सगळी गाडी भरून येतेय. पोराला नीट विचारून खात्री करावी, हा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही. पण विचारलं तर कळेल, आणि कळलं तर कदाचित खुर्ची जाईल. म्हणून ते विचारायचं टाळून जेवायला बसले.

इथवर ठीक होतं. नसलेल्या इस्टेटीवर मिळालेल्या खुर्च्या पुष्कळ ठिकाणी चालतात. खरं संकट उभं राहिलं पौर्णिमेला, विहारात.

वंदना झाली आणि वाचनालयाचा विषय निघाला. हा विषय दर पौर्णिमेला निघायचा. पुस्तकं होती, तीन पत्र्याच्या पेट्या भरून होती. परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुली विहाराच्या ओट्यावर बसायच्या, वारा सुटला की पानं आणि पोरी दोन्ही उडायच्या. खोलीसाठी जागा तेवढी नव्हती. गुंडेराव वाचनालयाच्या कमिटीचे अध्यक्ष. जागा नसलेल्या वाचनालयाचं अध्यक्षपद त्यांनी गेली बरीच वर्षं निष्ठेनं सांभाळलं होतं. त्या दिवशी सगळ्यांच्या नजरा आपोआप त्यांच्याकडे वळल्या. जागा कुणी मागितली नाही. तेच वाईट झालं. कुणी मागितलं असतं तर त्यांनी कदाचित विचार केला असता.

गुंडेराव उठून उभे राहिले. "आमच्या रतनची चौथी साइट रिकामीच हाय. कॉर्नरची हाय. ती वाचनालयाला दिली!"

टाळ्या इतक्या वाजल्या की विहारावरची पाखरं उडाली. पुढच्या ओळीतल्या पोरींनी तर एकमेकींचे हात धरले.

घरी येऊन त्यांनी लेकाला सांगितलं ते मात्र जरा खालच्या पट्टीत. "रतन, तुझी ती चौथी साइट... वाचनालयाला दिली म्हनून सांगून आलोय. चालतंय न्हवं?"

बुद्धरत्न उठून बसला. अप्पांनी त्याच्या कामाबद्दल आपणहून काढलेला हा पहिला शब्द होता. "चालतंय म्हंजे? लई झ्याक झालं अप्पा! मला चौथीला काय सुचतच नव्हतं. दोन दिवसांत उभी करून देतो."

"दोन दिवसांत?" गुंडेरावांनी डोळे बारीक केले. "दोन दिवसांत कशी उभी व्हईल?"

"टेम्पलेट हाय माझ्याकडं."

टेम्पलेट म्हणजे काय हे गुंडेरावांना कळलं नाही. परंतु वर सांगितलेला नियम घरातही लागू होता. "टेम्पलेट असल्यावर मग काय अडचण न्हाई," असं म्हणून ते आडवे झाले. बाप-लेक दोघंही त्या रात्री समाधानानं झोपले. माळेवाडीत एकाच गोष्टीवर दोन माणसांचं इतकं एकमत क्वचितच झालं असेल, आणि ती दोन्ही माणसं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होती.

दुसऱ्या दिवशी कलबुर्गीहून राजपालचा फोन आला. राजपाल हा बुद्धरत्नचा कॉलेजातला मित्र, त्याच धंद्यातला. एकमेकांच्या साइटी तपासायचा त्यांचा रिवाज होता. बुद्धरत्नच्या घरात रेंज येत नसे. ती यायची अंगणाच्या टोकाला, हौदाच्या कठड्यावर उभं राहून मान उत्तरेला केली की. तिथून गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात तो बोलू लागला.

"हाव, दवाखान्याची साइट डाऊन हाय... सकाळपासनं डाऊनच हाय बाबा... लोड आला की बसायलीय."

भिंतीपलीकडं अंकुशराव म्हशीला पाणी दाखवत होते. त्यांच्या हातातली बादली तशीच राहिली. दवाखान्याची साइट डाऊन! म्हणजे खोलगट! आणि लोड आला की बसते, म्हणजे माती भुसभुशीत! आता अंकुशरावांच्या शिवराजचं नुकतंच डी-फार्म झालं होतं, आणि दवाखान्याला लागून मेडिकल टाकायचं हे त्यांनी हॉटेलातून उठतानाच मनाशी ठरवलेलं होतं. दवाखाना पाण्यात तर मेडिकल कुठं राहणार? शिवाय अडीअडचणीला आधी धावून गेलेला माणूस साइटवाल्याच्या लक्षात राहतो. त्यांनी लगेच ट्रॅक्टर जुंपायला सांगितला.

जेवणवेळेला मुरमानं भरलेली ट्रॉली दारात आली. पार्वतीबाई, म्हणजे बुद्धरत्नची आई, भाकरीचं पीठ लागलेल्या हातानं बाहेर आल्या.

"अंकुशराव मालकानं धाडलाय मुरूम," ड्रायव्हर म्हणाला. "साइट डाऊन हाय म्हनं. कुटं टाकू?"

"साइट कुटं हाय ते मला कामून इचारतूस? पोरगं तर घरातच बसून करतंय."

ड्रायव्हरला दुसरी खेप होती. घरातच करतंय म्हटल्यावर त्यानं सारासार विचार करून ट्रॉली घरापुढंच उपडी केली. हिरवं लुगडं वाळत होतं ते निम्मं गाडलं गेलं, बुद्धरत्नची मोटरसायकल हँडलपर्यंत मुरमात गेली. पार्वतीबाईंनी ड्रायव्हरच्या सात पिढ्यांची अगदी नावानिशी चौकशी केली, पण तोवर ट्रॅक्टर फाट्याला लागला होता.

गंमत पुढेच आहे. बुद्धरत्नला वाटलं, अप्पांनी अंगण भरायला मुरूम मागवला असेल. गुंडेरावांना वाटलं, पोरानं बांधकामासाठी मागवला असेल. दोघंही स्वाभिमानी. दोघंही ढिगावरून चढून घरात गेले आणि कुणी कुणाला काही विचारलं नाही. पार्वतीबाईंनी मात्र दोघांना जेवायला वाढताना ताटं जरा जोरानं आपटली.

मुरूम दिसायला लागला तशी पंचायतीला जाग आली. बुद्धरत्नच्या नावानं कन्नडमध्ये नोटीस आली : विनापरवाना लेआउट केल्याबद्दल समक्ष हजर राहून खुलासा करावा. नोटीस वाचून बुद्धरत्नची पाचावर धारण बसली. आता वेबसाइटीच्या लेआउटलाही पंचायतीची परवानगी लागते? काल-परवा नवा कायदा झाला असेल, कोण जाणे. तो लॅपटॉप काखोटीला मारून गेला.

पंचायतीचे अधिकारी चन्नवीर म्हणून होते. गृहस्थ कामाला चोख, आवाज मऊ, आणि एकदा कागद हातात घेतला की तो भरल्याशिवाय खाली ठेवायचा नाही अशा बाण्याचे.

"बसा. लेआउट केलाय हे खरं का?"

"खरं हाय सर."

"साइटा किती?"

"चार."

"रजिस्ट्रेशन?"

"झालंय. माझ्या नावावर."

"मग सगळं कबूलच हाय की. सर्व्हे नंबर सांगा."

"सर्व्हर?" बुद्धरत्नला बरं वाटलं, ऑफिसात जाणकार माणूस भेटला. "सर्व्हरचा नंबर सांगतो सर." आणि त्यानं लॅपटॉपवर बघून सांगायला सुरुवात केली. "दोनशे तीन, डॉट, शून्य, डॉट, एकशे तेरा, डॉट, सात."

चन्नवीर लिहीत गेले. दोनशे तीन बटे शून्य बटे एकशे तेरा बटे सात. लिहून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. "नोड्री, बघा, बावीस वर्सं झाली मला नोकरीत. एवढे पोटहिस्से पडलेली जमीन आज पयल्यांदा बघायलो. भावाभावांत लई भांडणं झालेली दिसतात."

"जमीन?" बुद्धरत्न म्हणाला.

"चतुःसीमा सांगा आता. वर काय हाय?"

"हेडर."

"खाली?"

"फूटर... सर, तुमी जमीन म्हनलाव का?"

आणि मग हळूहळू, हौदात बुडणाऱ्या घागरीसारखं, सगळं त्याच्या ध्यानात भरत गेलं. अंकुशकाकांचा कॉर्नर. दारातला मुरूम. हॉटेलात त्याला दोन दिवसांपासून मिळणारा दाट दुधाचा चहा. आणि सगळ्यात शेवटी अप्पांनी विहारात दिलेली चौथी साइट.

"सर, ह्या साइटा म्हंजे वेबसाइटा हो. कम्प्युटरवरच्या. जमीन न्हाईच मुळी!" त्यानं लॅपटॉप फिरवून दवाखाना दाखवला, हॉटेल दाखवलं.

चन्नवीरांनी शांतपणे बघितलं. "लेआउट हाय, साइटा हायत, चित्रं बी हायत, जमीन तेवढी न्हाई. अशी केस आमच्याकडं नवी न्हाई. बीदरला असे लई जण पळून गेले."

"पर मी कुणाला इकली न्हाई ना साइट!"

"तेवढं बरं केलाव. मग असं करा, लेआउट रद्द करा म्हनून अर्ज द्या."

"देतो. आत्ता देतो."

"अर्जाला मंजुरीची प्रत जोडावी लागती."

"मंजुरी घेतलेलीच न्हाई."

"मग आधी मंजुरीला अर्ज द्या. मंजूर झाला की लगेच रद्द करू." चन्नवीर उठले. "तोवर एकदा जागेची पाहणी करून घेऊ. चला."

पाहणीला येणार म्हटल्यावर गाव मागं लागणारच. बुद्धरत्न घरी पोचला तेव्हा तिथं आधीच गर्दी होती. विहाराची कमिटी आली होती, सोबत धोंडप्पा गवंडी होता; आज साइट बघून दोरी धरायची म्हणून गुंडेरावांनीच सगळ्यांना बोलावलं होतं. ते धुतलेलं धोतर नेसून मुरमाच्या ढिगाशी उभे होते. अंकुशराव होते. ओट्यावरच्या त्या अभ्यासाच्या पोरी होत्या, त्यातल्या एकीनं तर पुस्तकांची एक पेटी उचलूनच आणली होती.

"आला आला," गुंडेराव शिटीच्या आवाजात म्हणाले. "चल रे रतन, दाखव साइट."

पळून जावं असं बुद्धरत्नला मनापासून वाटलं. पण मोटरसायकल मुरमात होती. तो ढिगावर चढला, कारण खाली उभं राहायला जागाच नव्हती, आणि म्हणाला, "माझं चुकलं असं न्हाई, पर झालंय खरं. माझ्या साइटा जमिनीवरच्या न्हाईत."

"मग कुटल्या?" अंकुशराव.

"सर्व्हरवर असतात त्या."

"कुटं आलं हे सर्व्हर? बसवकल्यानकडं का?"

"अमेरिकेत."

मग गर्दीतून कौतुकाचा एक लांब सुस्कारा निघाला. बुद्धरत्नला वाटलं होतं लोक शिव्या देतील. पण गुंडेरावच्या पोराच्या साइटा अमेरिकेत आहेत, म्हटल्यावर दोघा-तिघांनी टोप्या सारख्या केल्या. अंकुशरावांचा चेहरा तेवढा पडला.

"अमेरिकेत मुरूम न्यायचा म्हंजे," ते म्हणाले, "डिझेललाच..."

"अन् लेकरं तिकडं वाचायला कशी जानार?" पार्वतीबाईंनी उंबऱ्यात उभं राहून विचारलं. त्या घरात नेमकं बोलणारं माणूस ते एकच.

बुद्धरत्ननं लॅपटॉप उघडला. उन्हात काही दिसेना, म्हणून कुणीतरी वर टावेल धरला, आणि एकेक जण वाकून चौथी साइट पाहून गेला. पांढरं पान, मधे एक रिकामा चौकोन, त्याचे चारही कोपरे गोल. बाकी काही नाही.

"हीच व्हय ती कॉर्नरची?" अंकुशरावांनी विचारलं, आणि मग कोण आधी हसलं कळलं नाही, पण सगळे हसले. चन्नवीरसुद्धा तोंड फिरवून हसले. हसले नाहीत ते गुंडेराव, आणि पेटी घेऊन आलेली ती पोरगी.

अप्पांनी वाकून चौकोन पाहिला, बराच वेळ पाहिला. बुद्धरत्नला त्यांच्याकडं बघवेना. चार दिवस या माणसाला खुर्ची मिळाली होती, आणि ती आपण, साऱ्या गावादेखत, खालून ओढून घेतली, असं त्याला वाटलं. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा वाईट वाटलं.

"म्हंजे आपली एकबी साइट न्हाई?" गुंडेरावांनी हळू विचारलं.

"न्हाई अप्पा."

गुंडेराव सरळ झाले. त्यांनी एकवार आभाळाकडं पाहिलं. मग खाली, मुरमाच्या ढिगाकडं पाहिलं. मग अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, गाडीत माणसं मोजावीत तशी नजर फिरवली.

"तिकीट फाडलंय मी," ते म्हणाले. "तिकीट फाडल्यावर शिट न्हाई म्हनून सांगता येत न्हाई. मागं-पुढं सरकून बसवावं लागतंय. धोंडप्पा, हितंच धर दोरी. दोन रस्ते हायत, कॉर्नर हाय. मुरूम तर पडलेलाच हाय."

"अवो, माझं अंगन!" पार्वतीबाई म्हणाल्या. त्या पोरीकडं आणि तिच्या डोक्यावरच्या पेटीकडं त्यांनी एकदा पाहिलं, आणि म्हणाल्या, "लुगडं तेवढं काढून द्या मुरमातनं, अन् मग काय करायचं ते करा."

अंकुशरावांनी घसा खाकरला. मुरूम त्यांचा होता. तो परत मागावा की कसं, याचा त्यांच्या चेहऱ्यावर थोडा वेळ हिशेब चालला. "पसरवायला ट्रॅक्टर धाडतो," ते शेवटी म्हणाले, आणि दानशूर माणूस उभा राहतो तसे उभे राहिले.

धोंडप्पानं चुन्याची फक्की टाकून चौकोन आखला. गुंडेरावांनी एक फेरी मारली आणि नापसंतीनं मान हलवली.

"कॉर्नर गोल घे."

"अप्पा, गोल?" धोंडप्पा उडालाच. "गोल कोपऱ्यात कपाट बसत न्हाई. कसं बसंल?"

"आमचा रतन म्हनलाय. आता गोलच चालतंय."

बुद्धरत्नला सांगायचं होतं की तो पडद्यावरचा गोल आहे, एका बटणाचा खेळ आहे, विटांच्या भिंतीला असलं काही करत नाहीत. त्यानं तोंड उघडलं. मग अप्पांकडं पाहिलं आणि मिटलं.

खोली झाली. धोंडप्पानं प्रत्येक कोपऱ्यावर विटा फोडल्या, त्याहून जास्त शिव्या फोडल्या, पण चारही कोपरे गोल झाले. कपाटं भिंतीपासून हातभर पुढं उभी आहेत, आणि मागच्या फटीत मांजरीनं पिलं घातली. चन्नवीरांनी घराच्या जुन्या नंबरावरच बांधकामाची नोंद केली. नोटिशीच्या फाइलवर मात्र त्यांनी प्रामाणिकपणे शेरा मारलाय की चारपैकी एक साइट सापडली, उरलेल्या तिघींचा तपास चालू आहे. अंकुशरावांना अजून वाटतं की दवाखाना यायचा राहिला आहे, येणार नाही असं नाही. बुद्धरत्नला पुढचं काम मिळालं. मधल्या दिवसांत तो आता प्रॅक्टिस करतो तेव्हा दार लावून करतो आणि साइटीला 'पान' म्हणतो. फाट्यावर म्हणे त्यानं पानाचा ठेला टाकल्याची बोलवा आहे, पण ती वेगळी भानगड.

गुंडेराव वाचनालयाच्या दारात खुर्ची टाकून बसतात. खुर्ची हॉटेलातली नाही, घरची आहे. परवा संतपूरचा कुणी पाहुणा आला आणि त्यानं सहज विचारलं, "पोरगं काय करतंय तुमचं?"

गुंडेरावांनी आभाळाकडं पाहिलं नाही. त्यांनी पाहुण्याचा हात धरला, चपला काढायला लावल्या, अभ्यासाच्या पोरींना "सरका, सरका आत" म्हणत वाट काढली, कपाटामागच्या फटीतून त्याला आत रेटलं आणि त्याचा तळवा त्या गोल कोपऱ्यावरून वरपासून खालपर्यंत फिरवला.

"हे करतंय," ते म्हणाले.